मार्केट यार्डातली नोकरी गेली, दुसरी मिळेना. रोज सकाळी शोधायची उमेद कुठून आणता?

पट्टीवाली_सांगली

आधीच सांगते, मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाठवू नका. भावाने पाठवलेत तेवढे पुरेत. 'उठा, लढा' म्हणणाऱ्या त्या माणसाला एकदा कुपवाड एमआयडीसीत भर उन्हात गेटवर उभं करा, मग बोलू.

मी बी.कॉम., वय ३८. सांगली मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघत होते. रोजमेळ, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचा हिशेब), हमाली-तोलाई, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), ई-वे बिल, जीएसटीचा डेटा काढून कर सल्लागारांकडे पाठवणं, सगळं. मालक वयस्कर, मुलं पुण्याला स्थायिक. यंदाचा हंगाम संपला आणि त्यांनी दुकान मिटवलं. माणूस चांगला, माझं देणं पैन्‌पै दिलं, त्यामुळे तक्रार नाही.

तेव्हापासून शोधतेय. यार्डात सगळ्या ओळखीच्या दुकानांत विचारून झालं, सगळे म्हणतात 'सांगतो की'. ऑनलाइन अर्ज केले तर पुण्याच्या कॉल सेंटरचे फोन येतात. मागच्या आठवड्यात एका कारखान्यात बोलावलं होतं. मालकांनी टॅली उघडून समोर दिली, म्हणाले बँक जुळत नाही, बघा जरा. बघितलं. एकाच पार्टीचं पेमेंट दोनदा टाकलेलं, एकदा चेक म्हणून आणि एकदा आरटीजीएस म्हणून, आणि बँकेचे चार्जेस कुणी टाकलेच नव्हते. लाईट गेलेली, कॉम्प्युटर यूपीएसवर, पंखा बंद. पदराने घाम पुसत जुळवून दिलं. ते म्हणाले, 'छान. कळवतो.' मग सहज विचारल्यासारखं, 'मुलं किती मोठी आहेत ओ तुमची?' झालं. अजून फोन नाही.

घरी तसं कुणी वाईट बोलत नाही. नवरा मिरजेला लॅबमध्ये आहे, घराचा हप्ता भरला जातो, आम्ही उपाशी नाही. म्हणूनच सगळ्यांना वाटतं घाई काय आहे. 'आता घरी आहेसच तर' म्हणत गॅसवाल्याची वाट बघणं माझ्याकडे, बँकेत जाणं माझ्याकडे, पाहुणे माझ्याकडे. दुपारचे तीन वाजतात आणि एक अर्ज गेलेला नसतो. रात्री मग झोप नाही.

हल्ली सकाळी मोबाईल हातात घेतला की पोटात गोळा येतो. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा, रोज परत सुरुवात कशी करत होता?

कुपवाडचा_फिटर

ताई, व्हिडिओ पाठवत नाही 😄

राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर करून टाका, जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे येते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही बघा. पदवीवाल्यांना महिना १०,००० विद्यावेतन आहे, आमच्या शेजारच्या पोराला लागलं. बाकी उमेदीचं मला विचारू नका, मी आयटीआय झाल्यावर नुसता क्रिकेट खेळत होतो. शेवटी वडिलांनी बॅट लपवली.

पट्टीवाली_सांगली

दादा, ती योजना ३५ वयापर्यंतच आहे. बघून झालं. पण थँक्यू, बॅटवर हसू आलं.

दिवाणजी_वखारभाग

ताई, वयाने मी बराच मोठा आहे, पण ताईच म्हणतो. गणपती पेठेत बरीच वर्षं दिवाणजी होतो, आता वखारभागात एका कर सल्लागारांकडे अर्धा दिवस बसतो. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

तुमची उमेद चुकीच्या तारखांना खर्च होतेय. आपल्या कामात महिना सरळ नसतो. ७ तारखेला टीडीएस भरा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला २बी (खरेदीवरच्या कराचं विवरण) पडतं की लगेच खरेदी जुळवायला बसा, १५ ला पीएफ, २० ला ३बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न). आता १८ ते २० च्या मध्ये तुम्ही बायोडाटा घेऊन आलात तर तो कुठल्या फाईलखाली जाईल ते मलाही सांगता येणार नाही. समोरचा तुम्हाला नाही म्हणत नसतो, तो त्या दोन दिवसांत बायकोचाही फोन घेत नाही. २१ नंतर तोच माणूस खुर्ची ओढून देतो. अर्ज पाठवायचा, जाऊन भेटायचं ते २१ पासून महिनाअखेरपर्यंत. मधल्या दिवसांत उत्तर नाही आलं तर मनाला लावून घ्यायचं नाही, ते येणारच नव्हतं.

वर्षाचंही तसंच. हळदीचा माल फेब्रुवारीपासून रेटून येतो, म्हणजे अडतवाले माणूस बघतात ते डिसेंबर-जानेवारीत. जूनमध्ये यार्डात विचारत फिरलं तर सगळे 'सांगतो की' म्हणणार, दुसरं काय म्हणणार? त्यांच्याकडे आत्ता आहेत त्याच माणसांना काम नाही. यार्ड आता जानेवारीपर्यंत डोक्यातून काढून टाका.

कारखान्यांची गोष्ट निराळी. कुपवाडचा किंवा मिरजेचा छोटा कारखानदार अकौंटंट जाहिरात देऊन क्वचितच घेतो. घरचा पैसा दाखवायचा असतो ना. तो आपल्या सीएला फोन करतो, 'विश्वासातलं कोण आहे का बघा.' असे फोन आमच्याकडे येतात, आणि खरं सांगायचं तर ऑफिसात जो समोर बसलेला असतो त्याचंच नाव आधी तोंडात येतं. तेव्हा समोर बसा. पगारदारांची रिटर्न ३१ जुलैपर्यंत, ऑडिटचे रिपोर्ट ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक जीएसटीआर-९ डिसेंबरअखेर. मुदतवाढ मिळाली तरी काम कमी होत नाही, नुसतं लांबतं. या सगळ्या काळात एंट्रीला, बँक जुळवायला हात कमीच पडतात. कायमची नोकरी मागू नका, 'सप्टेंबरपर्यंत येते' म्हणा. हे वाक्य ऐकल्यावर नाही म्हणणारा मी तरी पाहिला नाही.

आणि बायोडाटात 'अकौंट्स असिस्टंट, टॅलीचे ज्ञान' असं लिहिलं असेल तर खोडा. तसं प्रत्येकजण लिहितो. तुम्हाला पट्टी काढता येते. कॉमर्स झालेला नवा पोरगा शेतकऱ्याची पट्टी बघून गोंधळतो. पोती किती, वजन किती, हमाली कुठे, तोलाई कुठे, आधी दिलेली उचल कुठे वजा करायची, काही कळत नाही त्याला. ओल्या हळदीला कर नाही आणि वाळवलेल्या हळदीला ५ टक्के, हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी येईल. हळद आणि बेदाणा ठेवणारी शीतगृहं, मसाल्याच्या गिरण्या, निर्यातदार यांना हेच लागतं. माझ्या ओळखीचा एकजण हरिपूरच्या पेवांचा (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचा) हिशेब ठेवायचा. कुणाची किती पोती कुठल्या पेवात, हे सगळं त्याच्या वहीत. २००५ च्या पुरात पेवं बुडाली, नंतर तो धंदा उभा राहिला नाही. तो गेला शीतगृहाच्या ऑफिसात. आत किती, बाहेर किती, भाडं किती, तेच काम, फक्त जमिनीखालचं जमिनीवर आलं. मालकाला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

उमेदीचं विचारलंत. घरात बसून मला तरी ती कधी आली नाही. कुणीतरी समोर कागद टाकून 'हे जुळेना, बघा जरा' म्हटलं की येते. तुमच्या त्या कारखान्याच्या गोष्टीतसुद्धा, घाम-बिम सोडा, जुळलं तेव्हा बरं वाटलं की नाही? तुमच्या लिहिण्यातच दिसतंय ते.

मिरजेची_सुमडी

काका, अर्धं पटलं. तारखांचं तर एक नंबर. पण सीएच्या ऑफिसात 'समोर बसा' हे बायकांना सांगताना पुढचंही सांगा. मी बसलेय. पैसे विचारले की 'अनुभव मिळतोय ना', आणि सप्टेंबरात रात्रीचे नऊ. ताईंना अनुभवाची गरज नाही, तो त्यांच्याकडे आहे. त्यामुळे ताई, पहिल्याच दिवशी फाईलमागे किती किंवा महिन्याला किती, आणि सुटायची वेळ, हे ठरवा आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. 'सर, आज बोलल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून. भांडण नाही काही नाही, नुसती नोंद.

दुसरं, घरचं. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. नोकरी गेल्यावर माझ्याकडेही गॅसवाला आला होता 😅 मी सांगून बघितलं, चिडून बघितलं, उपयोग शून्य. मग सकाळी डबा भरून घराबाहेर पडायला लागले. राजवाड्याजवळच्या वाचनालयात बसायचे, एक वाजता डबा खाऊन परत. डबा बघितला की घरच्यांना वाटतं ही कामावर चालली. घरात लॅपटॉप उघडून बसलं की वाटतं मोकळी आहे. का ते विचारू नका, पण सासूबाईंनी त्या वेळेत फोन करणंसुद्धा बंद केलं.

मुलं किती मोठी या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर आहे: 'शाळेत जातात. तुमच्याकडे कामाची वेळ काय आहे?' लगेच प्रश्न उलटा फिरवायचा, पण हसून. बहुतेक जण वेळ सांगायला लागतात.

आणि त्या कारखान्याचा फोन आला नाही म्हणता, तुम्ही केलात का? फुकटात बँक जुळवून दिलीत त्यांची! 'सर, त्या दिवशीच्या एंट्री दुरुस्त केल्या का?' एवढं विचारायला काही हरकत नाही.

पट्टीवाली_सांगली

काका, मी खरंच ११ तारखेच्या आदल्या दिवशी दोन कर सल्लागारांकडे जाऊन आले होते. दोघांनीही मान वर करून बघितलं नाही. मी घरी येऊन रडले होते. आता हसू येतंय, थोडा रागही येतोय, कारण दर महिन्याला १० तारखेला त्यांचा डेटासाठी तगादा मलाच यायचा.

सुमडी, डब्याचं उद्यापासून करते. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'मग मलाही अर्धी भाकरी काढून ठेव.' पाठिंबा आहे की टोमणा, कळलं नाही.

फोन केला त्या कारखान्यात. उचलला दुसऱ्याच कुणीतरी. 'साहेब बाहेर आहेत, सोमवारी करा' म्हणाले. करणार.

आता कामाचं विचारते. सीझनल एंट्रीचं काम घेताना फाईलमागे मागावं की महिन्याला? छोटा व्यापारी असेल तर वर्षभराचा बँकेचा डेटा उपसावा लागतो, त्याला आणि नोकरदाराच्या रिटर्नला एकच रेट कसा लावायचा? आणि आधीच्या मालकांकडून पत्र घ्यावं का? ते आता लेटरहेड वापरत नाहीत, दुकानच नाही.

दिवाणजी_वखारभाग

पत्र घ्याच. लेटरहेड नको, साध्या कागदावर त्यांच्या हाताने लिहिलेलं चालेल, खाली दुकानाचं जुनं नाव, जीएसटी नंबर आणि सही. यार्डातली सही वखारभागात ओळखतात.

रेट दोन लावा. नोकरदाराचं रिटर्न फाईलमागे, व्यापाऱ्याचं काम दिवसावर. व्यापाऱ्याचं फाईलमागे कधीच घेऊ नका, दिवाळीपर्यंत पावत्या आणून देत बसतात. सुमडीताई म्हणतात तसं लिहून घ्या, बरोबर आहे त्यांचं, मी आमच्या साहेबांची बाजू घेत नाही.

आज १६ तारीख. २० पर्यंत पत्र आणि बायोडाटा नीट करून ठेवा. २२ ला अकरानंतर या, पत्ता मेसेजमध्ये पाठवतो.