पाणी उकळणं वेगळं, मक्याची भाकरी वेगळी

गावात सुधारित, म्हणजे कमी लाकूड आणि कमी धुराच्या चुली नेणाऱ्या कार्यकर्तीला पाणी उकळण्याची चाचणी (ठरावीक पाणी उकळायला किती लाकूड आणि वेळ लागतो ते मोजणं) शिकवली की ती योग्य चूल निवडू शकते, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. दोन चुलींची तुलना करायला ती चाचणी चांगली, पण स्वयंपाक म्हणजे नुसतं पाणी नव्हे. इंदूरजवळ देपालपूरकडच्या एका गावात आम्ही शिबिर घेतलं, तेव्हा पाणी सगळ्यात लवकर उकळणारी चूल मक्याच्या भाकरीला हरली. जाळ तव्याच्या मधोमधच लागायचा, कडा कच्च्या राहायच्या. शिवाय भाकरी शेकायला निखारे पुढे ओढायची सोयच नव्हती. आणि बाफले (बाटीसारखे कणकेचे गोळे) तर माळव्यात गोवऱ्यांच्या आरातच भाजतात!

तेव्हापासून कार्यकर्तीला आधी तराजू हातात देतो. गावातल्याच बाईने रोजचं जेवण जुन्या आणि नव्या चुलीवर करायचं, लाकूड आधी आणि नंतर तोलायचं, उरलेला कोळसाही वेगळा तोलायचा. लाकूड दोन्ही वेळा सारखंच वाळलेलं हवं, नाहीतर सगळं मोजमाप फुकट. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम २००२ साली बंद झाला, त्यातल्या कितीतरी चुली धुराडं साफ न केल्याने निकामी झाल्या. म्हणून धुराड्यातली काजळी काढणं प्रत्येकीकडून स्वतःच्या हाताने करून घेतो.