स्पेनमधल्या खेड्यात राहिलात? घर कसं निवडलंत? – अनुभव धागा

मंडळी, एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन स्पेनला जायचं ठरतंय. शहरं बघून झाली की आठ दिवस एखाद्या गावातल्या जुन्या घरात राहायचं आहे. तिकडे अशा घराला 'कासा रुराल' म्हणतात. फोटोत सगळ्याच घरांना दगडी भिंती आणि लाकडी तुळया असतात, पण नुसत्या फोटोंवरून घर घ्यायचं नाही हे मी एकदा शिकले आहे. फेब्रुवारीत तेरुएल प्रांतात आम्ही असंच एक घर घेतलं होतं. पोचलो तेव्हा ते तीन आठवडे बंद होतं. हातभर जाडीच्या भिंतींत थंडी अशी मुरली होती की रात्रभर शेगडी पेटती ठेवूनही पहाटे अंथरूण गारच. सरपणाची एक टोपली भाड्यात, पुढची विकत. याच भिंतींनी जुलैत सुख दिलं असतं! म्हणून विचारते: कुठल्या भागात, कुठल्या ऋतूत, कोणाबरोबर राहिलात? आधी काय विचारायला हवं होतं, तेही लिहा.

ठाण्याहून उत्तर

आम्ही ग्वादिक्सच्या गुहाघरात राहिलो. ग्रानादाहून गाडीने पाऊण-एक तास. मऊ मातीच्या टेकड्या कोरून केलेली ही घरं आहेत आणि लोक आजही त्यांत राहतात. लांबून घर दिसतच नाही, टेकडीतून वर आलेली पांढरी धुराडी तेवढी दिसतात. जुलै होता, बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत १९-२० अंश. एसी नाही, पंखा नाही, रात्री पांघरूण घेऊन झोपलो.

मात्र सासूबाईंना आम्ही आतली खोली दिली, ती चूक झाली. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. रात्री दोनला त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन उठल्या. मग गादी ओढत दर्शनी खोलीत आणली, दार किलकिलं ठेवलं, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली. तुमच्याबरोबर आईबाबा आहेत, तेव्हा 'खिडकी असलेल्या झोपायच्या खोल्या किती?' हे मालकाला आधी विचारा. आत मोबाइलला रेंजही नव्हती.

फ्रँकफर्टहून

आमचा कौल अस्तुरियासला. उत्तरेचा हिरवागार डोंगराळ भाग, पाऊस अगदी आपल्या कोकणासारखा अंगावर येणारा. ऑगस्टमध्येही दोन दिवस समोरचं झाड धुक्यात दिसत नव्हतं. ऊन हवं असेल तर इथे येऊ नका.

आमच्या घराच्या अंगणात 'ओर्रेओ' होतं, म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी धान्यकोठी. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक रुंद चपटा दगड आणि त्या दगडावर कोठी. उंदीर खांबावरून वर चढतो, पण दगडाच्या बाहेर आलेल्या कडेला अडतो, त्याला पुढे जाता येत नाही. मालकीणबाईंनी माझ्या मुलाचा हात धरून त्या कडेखालून फिरवला आणि उंदीर कुठे थांबतो ते दाखवलं. मला आजोळची शेणाने सारवलेली कणगी आठवली. उंदरांशी झुंज दोन्हीकडे तीच.

तिथून आम्ही पश्चिमेला तारामुंदीला गेलो. १९८६ मध्ये तिथल्या जुन्या पाद्रीनिवासाचं हॉटेल झालं. स्पेनमधल्या ग्रामीण पर्यटनाची वाट ज्या गावांनी पाडली त्यांत तारामुंदीचं नाव घेतात. चाकू-सुऱ्या करणारे कारागीर आणि पाणचक्क्या अजून आहेत. गाडी मात्र हवीच. पाव आणायला आम्हाला रोज नऊ किलोमीटर जावं लागायचं.

पुण्याहून

एक महत्त्वाचं. 'पूर्ण घर' आणि 'खोलीप्रमाणे' असे दोन प्रकार असतात. पूर्ण घरात स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात, खोलीप्रमाणे घेतलं तर बहुतेक ठिकाणी न्याहारी मिळते आणि मालक भेटतो. आम्ही सत्तरीकडे झुकलेले दोघं, आम्हाला माणसं हवी होती. कातालोनियात घरांना ताऱ्यांऐवजी कणसं देतात, एक ते पाच. पण कणसं सोयी सांगतात, मालक शेती करतो की नाही ते सांगत नाहीत. शेतकऱ्याच्याच घरी राहायचं असेल तर तिथे 'आग्रोतुरिझ्मे' असं वेगळं नाव आहे, ते शोधा.

दुबईहून

गालिसियातला 'पासो' म्हणजे जुन्या जमीनदाराचा वाडा. तिकडे म्हण आहे: देवघर, कबुतरखाना आणि सायप्रसचं झाड असेल तर तो पासो. आमच्या वाड्यात तिन्ही होतं आणि मार्चमध्ये कॅमेलिया फुललेल्या. महाग पडलं, पण पैसे वसूल.

नाशिकहून

शाकाहारींसाठी लिहिते. सेगोव्हियाजवळच्या गावात आम्ही घरमालकिणीकडेच जेवत होतो. 'मांस नको' सांगितलं, तरी पहिल्या दिवशी भाजीत हॅमचे तुकडे आले. तिच्या लेखी ती भाजीच होती, फसवणूक अजिबात नाही. म्हणून हॅम, चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), टूना, मासे अशी एकेका पदार्थाची नावं घेऊन नको म्हणायचं. मग तिनेच शब्द दिला, 'लेन्तेखास विउदास'. शब्दशः 'विधवा मसूर', म्हणजे मांसाशिवाय शिजवलेले. लसूण, गाजर, तमालपत्र आणि वर ऑलिव्ह तेल. दुसऱ्या दिवशी मी सोबतचं तिखट घालून फोडणी दिली, तर तिने तीनदा वाढून घेतलं. जेवणाच्या वेळाही जपा: दुपारचं दोननंतर, रात्रीचं नऊला. गावातलं दुकान दुपारी बंद, रविवारी बहुधा बंदच.

लंडनहून

ईस्टरचा आठवडा एप्रिलमध्ये येत असेल तर आत्ताच घर धरा. त्या दिवसांत अख्खा देश गावी जातो आणि एका रात्रीसाठी कोणी घर देत नाही. प्रत्येकाच्या पासपोर्टचे तपशील मागतात, बिचकू नका, तो तिथला कायदा आहे. आणि नकाशावर चर्च किती जवळ आहे ते बघा. आमच्या खिडकीसमोरची घंटा रात्रीसुद्धा दर पंधरा मिनिटांनी वाजायची.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आज सगळं वाचून दाखवलं. गुहेला तिने लगेच नाही म्हटलं, बाबांना तो चपटा दगड बघायचा आहे. म्हणजे अस्तुरियास. फ्रँकफर्टकर, एप्रिलमध्ये तिथे रात्री शेगडी लागते का? आणि त्या मालकीणबाई अजून खोल्या देतात का?