रुग्णालयाच्या फाटकावरचं अन्नदान: पेशंटला द्यावं की फक्त सोबतच्या माणसाला?

वाढपी (धागा सुरू करणारा)

आम्ही आठ-दहा जण गेली चार वर्षं दर शनिवारी सकाळी एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या फाटकावर जेवण वाटतो. रांग लागते, दीडेक तासात पातेली रिकामी होतात, आम्ही भांडी घासून घरी जातो. मागच्या महिन्यात वॉर्डातल्या एका सिस्टरनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "दुपारी ऑपरेशनला न्यायच्या माणसाला जेवू कुणी घातलं?" घातलं होतं त्याच्या भावानेच, पण अन्न आमचं होतं. भूल द्यायच्या आधी निदान ६ तास पोटात घन अन्न असू नये, कारण भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. ऑपरेशन पुढे ढकललं. किती दिवस थांबून मिळालेली तारीख होती ती!

तेव्हापासून माझं मत असं झालंय की फाटकावरचं अन्न सोबत थांबणाऱ्या माणसासाठी. पेशंटच्या ताटाचं रुग्णालयाने बघावं, आपण त्यात हात घालू नये. यावरून आमच्यात सरळ दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, समोर भुकेला हात आला की तू पेशंट का नातेवाईक असं विचारणंच वाईट. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

साफ नामंजूर. वडिलांजवळ मी बावीस दिवस एकटी होते, त्यावरून बोलते.

रुग्णालय पेशंटला दोन वेळचं जेवण देत होतं. केमोनंतर बाबांच्या तोंडाला सगळं पत्र्यासारखं लागायचं, दोन घास झाले की ताट सरकवायचे. उरलेलं मी खायचे. कागदावर पेशंट जेवत होता आणि नातेवाईक उपाशी होता, प्रत्यक्षात उलटं चाललं होतं. रात्री दीडला कधी त्यांना भूक लागायची, तेव्हा माझ्याकडे फाटकावरून आणलेलं जे काही असेल ते चालायचं.

सांगायचा मुद्दा, पलंगावरचा आणि पलंगाखाली चटईवर झोपणारा हे दोघं एकाच ताटात जेवतात. तुम्ही फाटकावर रेघ ओढाल, ती तिसऱ्या मजल्यापर्यंत टिकणार नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे. वाढपींना बाजूला घेणारी सिस्टर मी नव्हे, पण असे प्रसंग मीही पाहिलेत.

भूक सगळ्यांची सारखी असली तरी पोटात गेल्यावर अन्न सगळ्यांना सारखं नसतं. डायलिसिसवरचा पेशंट घ्या. मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकत नाही, ते रक्तात साठतं आणि थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. केळी, नारळपाणी, टोमॅटो, बटाटा, म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना माणूस मायेने नेतो नेमक्या त्याच गोष्टी त्याला मोजून द्याव्या लागतात. अर्धांगवायू झालेल्या कित्येकांचं गिळणं बिघडलेलं असतं. त्यांना साधं पाणीही श्वासनलिकेत जातं, आणि दर वेळी ठसका लागून कळतंच असंही नाही. दोन दिवसांनी ताप येतो, तेव्हा कळतं.

सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे बरेच दिवस पोटात काहीच नसलेला माणूस. त्याला पाहून कुणालाही वाटेल, आधी पोटभर वाढा. एकदम भरपूर खाल्लं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं. रक्तातली पातळी कोसळते, हृदय आणि श्वास दोन्ही धोक्यात येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छळछावण्यांतून सुटलेल्या लोकांना सैनिकांनी दयेपोटी जवळचं अन्न भरभरून दिलं आणि त्यातले काही त्यानंतर दगावले. म्हणून अशांना थोडं थोडं, थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देऊन, रक्त तपासत वाढवत नेतात. फाटकावरच्या डावाला हे कसं कळणार?

उंबरठा, तुमचा अनुभव खोटा नाही. पण तुमच्या बाबांना काय चालतं हे तुम्हाला माहीत होतं. रांगेत वाढणाऱ्याला नसतं.

शंकासुर

"पेशंटच्या ताटाचं रुग्णालयाने बघावं." बघतं का, हा माझा प्रश्न आहे.

रुग्णालयात राहून माणसं आणखी कुपोषित होतात, हे चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरने १९७४ साली जाहीरपणे लिहिलं. उपचार चालू आहेत, सलाइन चालू आहे, तपासण्यांसाठी उपाशी ठेवणं चालू आहे, आणि आठवडाभरात पोटात किती गेलं याची नोंद कुठेच नाही. आज कुठल्याही वॉर्डात जाऊन पाहा. ताटं येतात, झाकलेली राहतात, तशीच परत जातात.

नीट बघितलं तर काय होतं, तेही तपासून झालंय. स्वित्झर्लंडमधल्या ८ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या सुमारे २,००० पेशंटवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचं जेवण, निम्म्यांना आहारतज्ज्ञाने प्रत्येकाची गरज पाहून आखून दिलेलं. ३० दिवसांत पहिल्या गटातले शंभरात १० गेले, दुसऱ्यातले ७. यात कुठलं नवं औषध नव्हतं.

तेव्हा पेशंटला वगळून फक्त नातेवाइकाला जेवू घालणं म्हणजे जिथे अन्नाने जीव वाचतो नेमकी तीच जागा सोडून देणं.

रात्रपाळी

मग तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की! त्या अभ्यासात ताट आहारतज्ज्ञाने भरलं होतं, फाटकावरच्या स्वयंसेवकाने नाही.

शंकासुर

आहारतज्ज्ञ आहे कुठे? शेकडो खाटांमागे एखाद-दुसरा असेल तर तो कुणाकुणाची गरज पाहणार? वाढपींच्या गटाने वर्षभर जेवणावर घातलेले पैसे एका आहारतज्ज्ञाच्या पगाराला दिले तर जास्त लोक जगतील. अर्थात पगाराला देणगी कोण देतो म्हणा. पगार वाढताना फोटो निघत नाही.

वाढपी

फोटो आम्ही काढत नाही. (एकदा काढला होता. एका बाईंनी पदराने तोंड झाकून घेतलं, त्यानंतर बंद.)

हिशेबनीस

एवढी पातेली, गॅस, गाडी, माणसं कशाला हवीत? माणसाला कूपन द्या किंवा रोख द्या. कुणाला काय पचतं ते त्याला कळतं. रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये किंवा समोरच्या खानावळीत तो हवं तेव्हा खाईल. भर उन्हात हात पसरून उभं राहणं टळेल. दान घेणाऱ्याला निवड करू न देणं हा दात्याचा अहंकार असतो, आणि तो पुण्याच्या नावाखाली खपून जातो.

उंबरठा

रोख दिलीत तर जेवण होणार नाही, इंजेक्शन येईल. मी तेच केलं असतं. वडिलांची तपासणी अडलेली असताना हातातल्या नोटेचं जेवण करणारी मुलगी मला दाखवा. तयार अन्न विकता येत नाही, औषधाच्या दुकानात चालत नाही, म्हणूनच ते माझ्या पोटात गेलं. कूपनचं एक वेळ पटेल.

हिशेबनीस

तुमचं ऐकून रोख मागे घेतो. कूपनवर ठाम आहे.

आचारी

माझा धंदाच मोठ्या स्वयंपाकाचा, म्हणून वेगळं टोचतोय. इथे सगळे कुणाला द्यावं यावर भांडताहेत. अन्न कसलं आहे हे कुणी विचारलंच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं काढली. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच: ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात, शिजवलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांवर ठेवू नये. आता हिशोब करा. पहाटे पाचला भात उतरवला, सहाला गाडीत चढवला, फाटकावर नऊला झाकण उघडलं, आणि भावाने पिशवीत बांधून दुपारी पेशंटला भरवला. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात आणि अन्न कोमट झालं की पसरतात. उलट्या करवणारं त्याचं विष परत गरम करूनही जात नाही. मोठं पातेलं मध्यभागी कित्येक तास कोमट राहतं, वरून हात लावून कळत नाही.

धडधाकट माणूस दोन उलट्या करून उठेल. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्याला ते झेपणार नाही.

घरोघरी थोडं थोडं करून एकत्र आणण्याची हौस असते ना, ती तर आधी सोडा. एकोणीस स्वयंपाकघरं, एकोणीस हात.

कोपऱ्यातला

रांगेची वेळ कुणी ठरवली? सकाळी नऊ ते साडेदहा डॉक्टरांचा राउंड असतो. पेशंटजवळ एकच माणूस असेल तर तो जागेवरून हलत नाही, कारण पुढची तारीख, औषध, घरी सोडणार की नाही, सगळं त्याच पाच मिनिटांत कळतं. तुमच्या रांगेत तेच येतात ज्यांच्याजवळ दुसरा माणूस आहे. एकटा माणूस वर बसून खिडकीतून तुमची पातेली रिकामी होताना बघतो. मी बघितलीत.

वाढपी

हे चार वर्षांत एकदाही आमच्या डोक्यात आलं नाही. आम्हाला सकाळ सोयीची, म्हणून सकाळ.

पाटीपुसणी

सरकारी पैशाने चालणाऱ्या रुग्णालयात भूक असेल तर जाब रुग्णालयाला विचारायचा. तुम्ही दर शनिवारी तो प्रश्न गिळून टाकता. चार वर्षं फुकट जेवण मिळतंय म्हटल्यावर सोबतच्या माणसासाठी जेवणाची सोय करा असं कुठला अधिकारी फायलीवर घेईल?

उंबरठा

फाईल फिरेपर्यंत माझे बावीस दिवस संपले होते. जाब विचारा, मीही सही करते. पातेलं चालू ठेवून विचारा.

दूरचा

अमेरिकेत फिलाडेल्फियात १९७४ मध्ये पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उघडलं. आजारी मुलांच्या आईबापांना रुग्णालयाजवळ राहायला घर. अशा घरांत स्वयंसेवकांचे गट येऊन रांधून जातात, आणि आईबापांनाही तिथलं स्वयंपाकघर वापरता येतं. मला त्यातली चूल महत्त्वाची वाटते. पेशंट काय खातो, किती मऊ लागतं, कशाने मळमळतं, हे घरच्या माणसाइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याला आयतं ताट देण्याऐवजी चूल, भांडी आणि कोरडा शिधा दिला, तर रात्रपाळींची काळजी आणि उंबरठांची तक्रार दोन्ही एकाच ठिकाणी मिटतात.

रात्रपाळी

माझी अर्धीच मिटते. एकटा माणूस चुलीशी उभा राहिला तर पलंगाशी कोण? पण जागा असेल तर हे मला सगळ्यात पटलं.

शंकासुर

जागा नाहीच. जिना, व्हरांडा, लिफ्टसमोरची फरशी, सगळीकडे माणसं झोपलेली असतात. त्यात तुम्ही चूल मांडणार?

वाढपी

दोन दिवस सगळं वाचून काढलं. मूळ मत सोडलेलं नाही, पण जरा वाकलंय. येत्या शनिवारपासून वेळ संध्याकाळी सातची. भात बंद, उतरवल्यापासून दोन तासांत वाटून संपेल एवढंच करायचं. दोघं जण वर जातील, सिस्टर सांगतील त्या एकट्या माणसांना जागेवर नेऊन देतील. आणि डब्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी: "पेशंटला देऊ नये."

रात्रपाळी

चिठ्ठी नको. ती कुणी वाचत नाही, आणि वाचली तर आपल्याला हिडीसफिडीस केल्यासारखं वाटतं. हातात डबा देताना तोंडाने विचारा, "उद्या ऑपरेशन आहे का? काही खायला मनाई केलीय का?" हो म्हणाले तर आधी सिस्टरना विचारायला सांगा. याला अर्धं मिनिट लागतं.

शंकासुर

दीडशे माणसांना अर्धं मिनिट म्हणजे सव्वा तास. रांग थांबेल.

उंबरठा

थांबू दे. आणि डबे झाकणाचे द्या. उघड्या ताटलीतली आमटी घेऊन तीन मजले चढता येत नाही, निम्मी जिन्यातच सांडते.

वाढपी

झाकणाचे डबे मिळाले, दोनशे. परत कसे गोळा करायचे ते अजून ठरलेलं नाही.