अनोळखी मूकपट कॉमेडी: खरंच भारी, की उगाच शायनिंग?

खिडकीतला_बोका
काल रात्री परत 'पास द ग्रेव्ही' (1928) लावला आणि एकटाच खिदळत बसलो, बायको उठून आली काय झालं बघायला. गोष्ट एवढुशी. शेजाऱ्याचा बक्षीसवाला कोंबडा हिरो मॅक्स डेव्हिडसनच्या कार्ट्याने मारलाय, तोच शिजवून टेबलावर आलाय आणि जेवायला शेजारीच बसलाय! तंगडीला 'पहिलं बक्षीस'चा बिल्ला तसाच. पोरगी नि होणारा जावई बापाला खाणाखुणा करून करून दमतात, कोंबड्याचं सोंग काय आणतात, पण त्या बाबाच्या डोक्यात काही शिरेल तर शपथ. चॅप्लिन आता काय करणार ते पाठ झालंय हो, इथे पुढचं काहीच माहीत नसतं.

स्पष्टच_बोलतो
पाठ झालाय कारण तो चांगलाय. हे एवढे भारी असते तर लोक विसरले असते का? तुम्हाला पिक्चरपेक्षा 'मी बघितलाय, तू नाही' याचीच मजा जास्त. आणि डेव्हिडसन म्हणजे दाढी, हातवारे, गाल धरून हाय हाय, ज्यू माणसाचं ठरलेलं सोंग. ते कसं चालतं?

जुनी_रिळं
विसरले म्हणजे वाईट, हे कुठलं लॉजिक? मूकपटातला विनोदी हिरो रेमंड ग्रिफिथ, त्याचा आवाज आधीच गेलेला, नुसतं घोगरं कुजबुजायचा, बोलपट आले आणि हिरोगिरी संपली. दुसरा कॉमेडियन चार्ली बॉवर्स, त्याची रिळं फ्रान्समधे तुलूझच्या फिल्म आर्काइव्हला मिळाली तेव्हा त्यावर त्याचं फ्रेंच नाव होतं, 'ब्रिकोलो', हा बाबा कोण तेच कळेना! त्याच्या 'एग्ड ऑन'मधे (1926) अंडी फुटून पिटुकल्या फोर्ड गाड्या निघतात आणि कोंबडीखाली पिल्लं शिरावीत तशा मोठ्या गाडीखाली जाऊन बसतात. कॉम्प्युटर नाही, काही नाही, एकेक फ्रेम हाताने हलवून केलंय.

स्पष्टच_बोलतो
ती क्लिप बघितली, भारीये, मान्य. पण दोन मिनिटं भारी आणि बाकी वेळ जांभया, वर तो पियानो ठणाणा.

खिडकीतला_बोका
पियानो मागाहून चिकटवलेला असतो रे, म्यूट कर. ज्यूवाला मुद्दा मलाही खुपतो, खोटं कशाला बोलू. डेव्हिडसन स्वतः बर्लिनला जन्मलेला ज्यू होता, पण म्हणून सोंग सोंगच राहतं. तरी तो कोंबडा बघच, वीसेक मिनिटांचा आहे.

स्पष्टच_बोलतो
टाका लिंक. रविवारी घरी चिकनच आहे, जेवताना लावतो. हसू नाही आलं तर इथेच येऊन भांडणार.