समोरच्या दारावरचा अष्टकोनी आरसा

प्रश्न: सिंगापुरात एचडीबी (सरकारी गृहयोजनेतल्या) फ्लॅटमध्ये राहतो. समोरच्या चिनी आजींनी दारावर अष्टकोनी आरसा ठोकलाय, रोख थेट आमच्या जाळीच्या गेटवर. आई म्हणते, "करणी केलीय!" काय करू?

– तो बाग्वा. कडेने तीन-तीन रेघांच्या आठ आकृत्या आहेत ना? दारासमोर दार आलं की लावतात काहीजण. आपली लिंबू-मिरचीच समजा.

– फेंगशुईत दार म्हणजे घराचं तोंड. 'ची', म्हणजे प्राणऊर्जा, तिथूनच आत येते, पण सुसाट नको. म्हणून बीजिंगच्या जुन्या दक्षिणमुखी चौकवाड्यांचं फाटक मधोमध नसून आग्नेय कोपऱ्यात, आणि शिरल्याबरोबर आडवी भिंत. आरशाला आरसा मात्र लावू नका, भांडण पेटेल!

– (प्रश्नकर्ता) दिवाळीत चकल्या दिल्या. चिनी नववर्षाला आजी दोन संत्री घेऊन आल्या. आरसा आहे तिथेच. आईने आपल्या गेटला तोरण बांधलंय, जरा जास्तच मोठं.