ध्यास, नाद, वेड की भ्रम? एकतर्फी प्रेमाच्या रहस्यकथेसाठी शब्द हवा

नंदुरबार : कथा लिहितोय. अमळनेरच्या एका जिनिंगमधला दिवाणजी 'मी' म्हणून ती सांगतो. समोर राहायला आलेल्या बँकेतल्या मॅडमचं आपल्यावर प्रेम आहे, असं तो धरून चालतो. मग त्या नाहीशा होतात आणि याच्या सांगण्यातले वार-तारखा जुळेनाशा होतात. या अवस्थेला काय म्हणू? 'ध्यास' फार उदात्त, 'नाद' हलका, 'आसक्ती' कीर्तनातला. आणि निवेदकाला 'अविश्वसनीय' म्हटलं की तो खोटारडाच वाटतो.

धुळे : भाऊ, ध्यास नकोच. ध्यास माणूस घेतो. वेड, नाद, खूळ लागतं. वेडही घेता येतं, पण ते पेडगावला जायला, म्हणजे सोंग. तुमचं रहस्य या दोन क्रियापदांवर उभं आहे. दिवाणजीनं वेड घेतलं असेल तर तो वाचकाला फसवतोय. लागलं असेल तर आधी तोच फसलाय. अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये रूढ केलेल्या 'अविश्वसनीय निवेदक' (unreliable narrator) या संज्ञेत हे दोघेही एकाच नावाखाली येतात. मराठीत वेगळे ठेवावेत. पहिला लबाड, दुसरा बेभरवशाचा. पाऊस बेभरवशाचा म्हणताना आपण त्याच्यावर लबाडीचा आळ घेत नाही.

जळगाव : 'झपाटलेला' कसा वाटतो? किंवा बहिणाबाईंचा 'वढाय'?

धुळे : 'झपाटलेला' शेजाऱ्यांच्या तोंडी शोभेल. 'वढाय' नाही. वढाय ढोर दिसेल त्या पिकात शिरतं. याचं मन एकाच खुंट्याभोवती फिरतंय.

चाळीसगाव : ताई, त्या फिरण्यासाठी 'भ्रम' आहेच. भ्रम् धातूचा अर्थच फिरणं, गरगरणं. भास वेगळा: कुणी नसताना हाक ऐकू येणं हा भास, हाक आपल्यालाच होती आणि ती प्रेमाची होती ही पक्की समजूत म्हणजे भ्रम. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी 1921 मध्ये वर्णन केलेल्या प्रेमभ्रमात रुग्णाला वाटतं की आधी प्रेमात पडली ती समोरची व्यक्ती, बहुधा त्याच्याहून वरच्या हुद्द्यावरची. तिचा नकारही तो खूण म्हणूनच वाचतो. तुमच्या मॅडम अगदी तिथे बसतात.

पण भाऊ, 'भ्रम' दिवाणजीच्या तोंडी घालू नका. भ्रमात असलेला माणूस 'खात्री' म्हणतो. खरं काम 'वाटलं' या साध्या शब्दाला करू द्या. सुरुवातीला लिहा: 'खिडकी माझ्यासाठी उघडी ठेवली असं वाटलं.' काही पानांनी: 'माझ्यासाठी उघडी ठेवली असावी.' पुढे: 'माझ्यासाठीच उघडी ठेवली.' आणि मग: 'आज बंद आहे, म्हणजे त्यांच्यावर कुणीतरी पाळत ठेवलीय.' 'वाटलं' गळलं, 'असावी' गळलं, 'च' आला. वाचकाला हे आधी जाणवणार नाही, दुसऱ्या वाचनात मात्र अंगावर येईल.

नंदुरबार : दिवाणजी घरी अहिराणी बोलतो. 'माले वाटस, ती मन्हाकडे देखस.' यातलं 'माले वाटस' हळूहळू काढायचं का?

चाळीसगाव : हो, पण त्याच्या आईच्या बोलण्यातून काढू नका. तिचं 'माले वाटस' शेवटपर्यंत राहू द्या. वाचकाला त्या घरात विश्वास ठेवायला एक माणूस लागेल.

नंदुरबार : आई पहिल्या खर्ड्यात नव्हतीच. आता आणतो.