घरच्या संगणकाचा बॅकअप: अख्खी डिस्क क्लोन करावी की फक्त फाइली जपाव्यात?

टंकमुद्रा (मूळ धागा)

घरच्या संगणकाच्या बॅकअपचा विषय निघाला की सल्ला ठरलेला असतो: फोटो आणि डॉक्युमेंट्स बाहेरच्या हार्डडिस्कवर नाहीतर गूगल ड्राइव्हवर टाका, विंडोजचं काय, परत टाकता येतं. ज्यांचं पोट घरच्या संगणकावर आहे त्यांच्यासाठी हा सल्ला घातक आहे, असं माझं मत आहे.

मी मिरजेत घरून डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं मांडायचं काम, करते. लग्नपत्रिका, शाळांची स्नेहसंमेलन अंकांची कामं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. संगणकात त्यासाठीचं पेजमेकर ७ हे सॉफ्टवेअर आहे. ते २००१ साली आलं आणि त्यापुढची आवृत्ती अडोबीने काढलीच नाही. त्यावर श्री-लिपीचे जुने, युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीचे फॉन्ट, हाताला बसलेला कीबोर्ड लेआउट, हार्डवेअर लॉकचा (सॉफ्टवेअर चालावं म्हणून संगणकाला लावावी लागते ती किल्ली) ड्रायव्हर आणि एका जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर, जो आता शोधूनही मिळत नाही. यातलं काहीच 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये नसतं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर माझी फाइल उघडली तर '॥ श्री गणेशाय नमः ॥'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं दिसतात. फाइल जागेवर असते, पण तिचा उपयोग शून्य.

म्हणून अख्खी डिस्क क्लोन करावी, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. मी दर महिन्याला क्लोनझिला या प्रोग्रामने दुसऱ्या एसएसडी डिस्कवर करते. ते फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, आणि डिस्कचा वापरलेला भागच उचलत असल्याने फार वेळ खात नाही. उद्या डिस्क गेली तर कॅबिनेट उघडायचं, दुसरी डिस्क जोडायची आणि त्याच दिवशी पत्रिका छापायला द्यायची. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, बरेच जण आता ११ वर जातील. त्यांनी तरी आधी क्लोन करावा, मग अपग्रेडला हात लावावा.

मतं मांडा, विरोधी असली तरी.

रात्रपाळी

ताई, विरोधी मत मांडतो. कंपन्यांचे बॅकअप सांभाळणं हेच माझं काम आहे.

क्लोनमध्ये एकच दिवस साठतो, शेवटचा. पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच एसएसडीवर पुन्हा क्लोन केला की आधीची अवस्था पुसली गेली. समजा, अहवालातलं एक प्रकरण चुकून उडालं आणि ते दीड महिन्याने लक्षात आलं. तोवर तुमच्या क्लोनमध्येही ते प्रकरण उरलेलं नाही. घरच्या वापरात डिस्क जळण्यापेक्षा हे प्रकार जास्त होतात: फाइल उडते, जुनी फाइल नव्यावर सेव्ह होते. त्यासाठी फाइलींच्या जुन्या आवृत्त्या लागतात. विंडोजमधली फाइल हिस्टरी हे काम रोज आपोआप करते.

शिवाय रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं तेव्हा ज्यांची बॅकअपची डिस्क संगणकाला कायम जोडलेली होती, त्यांचा बॅकअपही त्यात गेला. क्लोनवाल्यांना डिस्क आतच ठेवायची सवय असते.

टंकमुद्रा

माझी डिस्क कपाटात असते. कायम जोडून ठेवणं मलाही मान्य नाही. एकाच क्लोनचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्यावर उपाय क्लोनझिलातच आहे: डिस्क-ते-डिस्क न करता डिस्कची इमेज करायची. ती फाइलींच्या रूपात, दाबून छोटी झालेली साठते, त्यामुळे एका मोठ्या हार्डडिस्कवर चार महिन्यांच्या चार इमेज मावतात. पण फाइल हिस्टरी माझा कीबोर्ड लेआउट परत देईल का? लॉकचा ड्रायव्हर देईल का?

रात्रपाळी

नाही देणार. पण क्लोनझिलाच्या इमेजमधून एकच फाइल काढायची म्हटलं तर सरळ काढता येत नाही, अख्खं पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) कुठेतरी उतरवावं लागतं. आणि प्रत्येक इमेज पहिल्यापासून पूर्ण घ्यावी लागते, फक्त बदललेला भाग घ्यायची सोय त्यात नाही. घरचा माणूस दोन महिने करतो, तिसऱ्या महिन्यात कंटाळतो. आपोआप होणार नाही तो बॅकअप होत नाही, हे मी रोज बघतो.

पेन्शनर

आमच्या लॅपटॉपवर नातवंडांचे फोटो, बँकेची स्टेटमेंट आणि ब्राउझर, एवढंच आहे. मी फोटो दोन वेगळ्या डिस्कवर ठेवतो, एक मुलीच्या घरी असते. अख्खी डिस्क क्लोन करून मला काय मिळणार? रात्रपाळी यांच्याशी सहमत.

सोल्डरिंग_गन

मी दुरुस्तीच्या बाजूने बोलतो. संगणक दुकानात येतो तेव्हा दर वेळी फक्त डिस्क गेलेली नसते. मदरबोर्ड गेला की लोक क्लोन घेऊन नव्या मशीनवर लावतात आणि काळा पडदा बघत बसतात. जुन्या संगणकावर विंडोज एमबीआर या डिस्क मांडायच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं असतं, आणि बऱ्याच नव्या मशीन फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने, म्हणजे जीपीटी मांडणीच्या डिस्कवरून, चालू होतात. विंडोज १० मध्ये एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, त्याने काम होतं, पण ते माहीत असायला हवं. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं टूल) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर नव्या मशीनवर क्लोन उघडणारच नाही.

दुसरं, डिस्क कुरकुरायला लागल्यावर क्लोन करायला जाऊ नका. खराब सेक्टर (डिस्कचा वाचता न येणारा तुकडा) आला की क्लोनझिला एरवी थांबतं, आणि लोक पुन्हा पुन्हा चालवून उरलेली डिस्कही मारतात. तिथे डीडीरेस्क्यू हे टूल वापरतात. ते आधी वाचता येईल तेवढं उचलतं आणि अडलेल्या जागा शेवटी घेतं.

तरीही ताईंच्या बाजूने एक सांगतो. डीटीपीवाले आणि जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरवाले, यांचं मशीन पुन्हा उभं करायला आम्हाला दोन-दोन दिवस लागतात, कारण सीडी हरवलेल्या असतात. त्यांनी इमेज ठेवावीच.

नवखा_पुणेरी

मॅक्रियम रिफ्लेक्ट या क्लोन करायच्या प्रोग्रामची फुकट आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, म्हणून मी क्लोनझिला उघडून बघितलं. पडद्यावर नुसती अक्षरं, आणि डिस्कची नावं एसडीए, एसडीबी. कुठली माझी आणि कुठली रिकामी, हेच कळेना. उलटं झालं तर?

टंकमुद्रा

उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल, म्हणून भीती रास्त आहे. नावाशेजारी आकार आणि मॉडेल लिहिलेलं असतं, ते वाचायचं. दुसरी डिस्क मुद्दाम वेगळ्या कंपनीची आणि मोठ्या आकाराची घ्या: मूळ ५०० जीबीची असेल तर १ टीबीची. लहान घेतली तर क्लोनझिला सहसा नकारच देतं. सुरू होण्याआधी ते दोनदा विचारतं, तेव्हा पुन्हा वाचा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरच करा, मध्येच वीज गेली तर जिच्यावर क्लोन उतरतोय ती डिस्क अर्धवट राहते. झाल्यावर दोन्ही डिस्क एकत्र जोडून विंडोज चालू करू नका. दोघींची ओळख सारखीच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं.

रात्रपाळी

एवढ्या अटी सांभाळणारी माणसं घरोघरी नसतात, हाच माझा मुद्दा आहे. आणखी एक विचारतो. हार्डवेअर लॉक क्लोन होत नाही. तो बिघडला तर तुमच्या चारही इमेजचा उपयोग काय? झालेलं प्रत्येक काम फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफमध्ये ठेवा. ते कुठल्याही संगणकावर, वीस वर्षांनीही, जसंच्या तसं उघडेल.

टंकमुद्रा

पीडीएफ मी ठेवतेच, पण ती छापून झालेल्या कामाची. पतसंस्थेचा यंदाचा अहवाल गेल्या वर्षीच्या पेजमेकर फाइलवर होतो: ताळेबंदाचे तक्ते तेच, आकडे आणि संचालकांची नावं नवी. पीडीएफवरून ते तक्ते पुन्हा मांडायचे म्हणजे चाळीस पानं नव्याने टाइप करायची, तीही सर्वसाधारण सभेच्या तोंडावर.

लॉकचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून चालू गिऱ्हाइकांच्या फाइली युनिकोडमध्ये बदलायला घेतल्या आहेत. जोडाक्षरं आणि रफार तुटतात, हाताने तपासावं लागतं, वेळ जातो. ते पूर्ण होईपर्यंत दर महिन्याची इमेज चुकणार नाही.

रात्रपाळी

मग निदान एक हार्डडिस्क घराबाहेर ठेवा. आणि एकदा ती इमेज सुट्या डिस्कवर उतरवून, त्याच डिस्कवरून संगणक चालू करून, पेजमेकरमध्ये मराठी फाइल उघडते का ते बघा. तोवर मी त्याला बॅकअप म्हणणार नाही.

टंकमुद्रा

सुटी डिस्क आहे. अहवालांचा हंगाम संपला की करते आणि इथेच लिहिते.